चित्राचे मुद्दल आणि रिसीव्हरची निवड

नव्या दूरदर्शन संचाचा पडदा वर्षागणिक रुंद होत गेला आणि त्याची जाडी मात्र बोटभर उरली. या बदलात चित्राचा लाभ झाला, ध्वनीची हानी झाली. कारण भरदार आवाजाला पोकळी लागते आणि बोटभर जाडीच्या संचात ती उरत नाही. म्हणूनच ज्या घरी पंचावन्न इंची संच येतो, त्या घरी वर्षभरात होम थिएटरचा विषय निघतोच. स्पीकर निवडणे तुलनेने सोपे असते, कारण कान लगेच कौल देतात. खरी अडचण रिसीव्हर निवडताना येते.

दुकानात दोन मॉडेले समोर ठेवली जातात. दोन्हींची वॉटसंख्या, स्पीकरांची संख्या आणि जोडण्या जवळपास सारख्या असतात. महाग मॉडेलच्या पत्रकावर मात्र ‘फोर-के अपस्केलिंग’ किंवा ‘एट-के अपस्केलिंग’ हे शब्द ठळक छापलेले असतात. जुन्या डीव्हीडी आणि साध्या वाहिन्या या यंत्रातून गेल्या की फोर-के होतील, असे विक्रेता सांगतो. कापडाचा पोत चिमटीत धरून ओळखणारा, धान्याचा दर्जा मुठीत घेऊन सांगणारा व्यापारीही येथे बुचकळ्यात पडतो, कारण हा माल हातात घेऊन पारखता येत नाही. या शब्दांसाठी जास्तीचे पैसे मोजावेत काय? बहुसंख्य घरांपुरते याचे उत्तर ‘मोजू नयेत’ असे आहे. मात्र त्यामागील हिशेब समजून घेतला, तरच त्या उत्तरावर निश्चिंतपणे विसंबता येईल.

आरंभी रिसीव्हरचे काम पाहू. सेट-टॉप बॉक्स, डिस्क प्लेअर, खेळाचे यंत्र अशा निरनिराळ्या उपकरणांच्या तारा रिसीव्हरमध्ये येतात. त्यांतील ध्वनी तो उलगडतो, त्याला बळ देतो आणि पाच, सात किंवा अधिक स्पीकरांना वाटून देतो. चित्र तो दूरदर्शन संचाकडे पुढे पाठवतो. म्हणजे ध्वनीच्या बाबतीत तो कर्ता असतो आणि चित्राच्या बाबतीत मुख्यतः वाहक. अपस्केलिंग ही या वाहकाने वाटेत चित्रावर केलेली प्रक्रिया होय.

ही प्रक्रिया कोणती, हे आकड्यांवरून स्पष्ट होते. आपल्याकडील डीव्हीडीचे चित्र आडवे ७२० आणि उभे ५७६ बिंदूंचे असते. म्हणजे एकूण ४,१४,७२० बिंदू. फोर-के पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० म्हणजे ८२,९४,४०० बिंदू असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या बरोबर वीसपट आहे. डीव्हीडीचे चित्र हा पडदा भरून दाखवायचे, तर प्रत्येक वीस बिंदूंमागे एका बिंदूपुरतीच मूळ माहिती हाती असते आणि उरलेल्या एकोणीस बिंदूंचा रंग व उजेड शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने ठरवावा लागतो. एचडी चित्रात २०,७३,६०० बिंदू असतात. तेथे चारांपैकी तीन अंदाजाचे. हा अंदाज बांधण्याच्या क्रियेला अपस्केलिंग म्हणतात.

हिशेबनिसाच्या भाषेत सांगायचे, तर व्हाउचर एकाच नोंदीचे आहे आणि वहीत वीस ओळी भरायच्या आहेत. कुशल कारकून त्या ओळी अशा सफाईने भरील की पाहणाऱ्याला खाडाखोड दिसणार नाही. अकुशल कारकून ओबडधोबड भरील. परंतु दोघांपैकी कोणीही मुद्दलात एका पैशाची भर घालू शकत नाही. अपस्केलिंगने चित्र मोठे होते, कडा गुळगुळीत होतात, काही वेळा ते अधिक रेखीव भासते. मूळ चित्रणात जे टिपले गेलेच नाही, ते मात्र परत येत नाही. ‘डीव्हीडी फोर-के होते’ या वाक्यातील ‘होते’ हे क्रियापद म्हणूनच जपून वापरावे.

आता कळीचा मुद्दा. आजच्या सपाट पडद्यावरील बिंदूंची संख्या कारखान्यातच कायमची ठरलेली असते. जुन्या काचेच्या नळीचे तसे नव्हते. फोर-के पडद्याला कमी बिंदूंचे चित्र मिळाले, तरी त्याला सर्व ८२,९४,४०० बिंदू उजळावेच लागतात. अन्यथा चित्र पडद्याच्या मधोमध पोस्टकार्डाएवढे दिसेल. अर्थात प्रत्येक फोर-के संचात अपस्केलिंगची व्यवस्था असतेच असते. ती निराळी विकत घ्यावी लागत नाही. संचाच्या किमतीतच तिचे पैसे दिलेले असतात. एट-के संचाचेही तसेच.

तेव्हा चित्र मोठे करण्याचे काम तीन ठिकाणी होऊ शकते: मूळ उपकरणात, रिसीव्हरमध्ये किंवा दूरदर्शन संचात. पहिल्याने जे केले, ते पुढच्यांना पूर्ववत करता येत नाही. पुष्कळ घरांत सेट-टॉप बॉक्स सर्व वाहिन्या आधीच १०८० ओळींच्या करून बाहेर सोडतो आणि चित्रपट दाखवणारी छोटी यंत्रे त्यांच्या सेटिंगनुसार थेट फोर-के संकेत पाठवतात. म्हणजे ज्या साध्या चित्रासाठी रिसीव्हरमधील अपस्केलिंग घ्यायचे, ते चित्र रिसीव्हरपर्यंत साध्या रूपात पोहोचतच नाही. मग पत्रकावरील ते ठळक शब्द बिनकामाचे ठरतात. आणि दोन-तीन ठिकाणी पुनःपुन्हा अंदाज बांधले गेले, तर सफाई वाढण्याऐवजी चित्र कृत्रिम दिसू लागते. हे काम एकदाच व्हावे आणि जो ते उत्तम करतो त्याच्याकडूनच व्हावे, हा येथील व्यवहार.

मग रिसीव्हरमध्ये ही सोय आलीच कशी? तिला एके काळी सबळ कारण होते. एचडीएमआयचे पहिले मानक डिसेंबर २००२ मध्ये आले. त्यानंतरची काही वर्षे संक्रमणाची होती. घरात व्हीसीआर पिवळ्या पिनेने, कॅमेरा एस-व्हिडिओने, डीव्हीडी प्लेअर लाल-हिरव्या-निळ्या तीन पिनांनी जोडलेला असे. या सर्वांचे रूपांतर करून एकच एचडीएमआय तार संचाकडे नेणारा रिसीव्हर ही मोठीच सोय होती. शिवाय त्या काळच्या अनेक सपाट संचांतील चित्रप्रक्रिया सुमार असे. म्हणून उत्पादकांनी रिसीव्हरमध्ये फारूजा, एचक्यूव्ही, अँकर बे अशा नावांच्या खास चिप्स बसवल्या आणि त्यांचा फरक डोळ्यांना दिसतही असे.

त्या चिप्सचे मोठे कौशल्य बिंदू वाढवण्याइतकेच हप्ते जुळवण्यात होते. जुन्या प्रक्षेपणात प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येते: आधी विषम ओळी, मग सम ओळी, असे सेकंदाला पन्नास हप्ते. सपाट पडद्यावर हे दोन हप्ते जुळवून एक चित्र करावे लागते. पहिल्या आणि दुसऱ्या हप्त्याच्या दरम्यान फलंदाजाची बॅट पुढे सरकलेली असते. जुळणी निष्काळजीपणे झाली, तर बॅटीच्या कडेला फणीचे दात आल्यासारखे दिसतात. साध्या वाहिनीचे चित्र मोठ्या पडद्यावर वाईट दिसते, त्याचे कारण पुष्कळदा कमी बिंदू हे नसून ही बिघडलेली जुळणी असते. आज मात्र चांगल्या संचांतील प्रक्रियायंत्रणा हे काम उत्तम करते. कारण चित्राच्या गुणावरच त्या उत्पादकांची स्पर्धा चालते. रिसीव्हरच्या उत्पादकाची स्पर्धा ध्वनीवर असते.

दुसरा हिशेब अंतराचा आहे. निरोगी दृष्टी साधारणपणे अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखते. पंचावन्न इंची पडद्यावर एचडी चित्राचा एक बिंदू सुमारे ०.६३ मिलिमीटर रुंद असतो. तो जवळपास २.२ मीटरांवरून, म्हणजे सात फुटांच्या थोडे पुढून, शेजारच्या बिंदूत मिसळून जातो. दिवाणखान्यातील सोफा बहुधा आठ ते दहा फुटांवर असतो. तेथून एचडी आणि फोर-के यांच्या बिंदूंतला फरकच जेमतेम जाणवतो. मग एचडीचे फोर-के या यंत्राने केले की त्या यंत्राने, हा फरक कोणाला दिसणार? साध्या डीव्हीडीचा बिंदू त्याच पडद्यावर सुमारे १.७ मिलिमीटरांचा होतो आणि त्याचा धूसरपणा दहा फुटांवरूनही कळतो. तेव्हा अपस्केलिंगच्या कौशल्याचा प्रश्न उरलाच, तर तो साध्या चित्रापुरता उरतो. ज्या घरी साधे चित्र क्वचितच पाहिले जाते, त्या घरी तो उरतही नाही.

याहून महत्त्वाची एक गोष्ट विक्रीच्या बोलण्यात अनेकदा मागे राहते. एचडीएमआयच्या १.४ या २००९ मधील आवृत्तीपासून ‘एआरसी’ नावाची सोय आली आणि २०१७ मधील २.१ या आवृत्तीत तिचे सुधारलेले रूप, ‘ई-एआरसी’, आले. या सोयीने सर्व उपकरणे थेट दूरदर्शन संचाला जोडता येतात आणि ध्वनी तेवढा संचाकडून उलट वाटेने रिसीव्हरकडे जातो. अशा जोडणीत चित्र रिसीव्हरला स्पर्शही करत नाही. साध्या एआरसीतून नित्याचा पाच-स्पीकरी ध्वनी आणि चित्रपटांच्या ऑनलाइन सेवांवरील अ‍ॅटमॉस ध्वनी जाऊ शकतो. ब्लू-रे डिस्कवरील अखंड दर्जाचा ध्वनी पूर्णपणे न्यायचा असेल, तर ई-एआरसी लागते.

यातून एक मोठा खर्च वाचू शकतो. दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला, दणकट अ‍ॅम्प्लिफायरचा रिसीव्हर घरात असेल, तर ‘आता फोर-के संच आला, हा रिसीव्हर जुना झाला’ असे म्हणून तो मोडीत काढण्याचे कारण नाही. त्याला एआरसी असेल तर एका तारेने, नसेल तर ऑप्टिकल तारेने संचाचा ध्वनी त्यात नेता येतो. ऑप्टिकल तारेतून डॉल्बी डिजिटलचा ५.१ ध्वनी जातो. अ‍ॅटमॉस जात नाही. छतावर स्पीकर बसवण्याचा विचारच नसेल, तर या उणिवेने फारसे अडत नाही. ध्वनीचे बळ चित्राच्या पिढीबरोबर शिळे होत नसते.

या नियमाला अपवाद आहेत. जुना एचडी संच किंवा बेताच्या चित्रप्रक्रियेचा प्रोजेक्टर वापरणाऱ्या घरी रिसीव्हरचे अपस्केलिंग संचाहून सरस ठरू शकते. अनेक जुनी उपकरणे वापरात असून नव्या संचाला पिवळ्या पिनेची जागाच नसेल, तर जुन्या संकेताचे एचडीएमआयमध्ये रूपांतर करणारा रिसीव्हर उपयोगी पडतो. परंतु ती उपयुक्तता रूपांतराची आहे, अपस्केलिंगची नव्हे. दोन्ही शब्द पत्रकात शेजारी असतात, म्हणून कोणते आहे आणि कोणते नाही हे स्पष्ट विचारून घ्यावे. स्वतंत्र खोली, मोठा प्रोजेक्टर आणि पडदा असा थाट करणारे हौशी लोक ल्युमाजेन किंवा मॅडव्हीआरसारखी निराळी चित्रप्रक्रिया यंत्रे घेतात. त्यांची किंमत चांगल्या रिसीव्हरहूनही अधिक असते. ज्यांना या कामाचे खरे वेड आहे, तेही रिसीव्हरमधील फुकटच्या सोयीवर थांबत नाहीत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मग रिसीव्हरमध्ये चित्राच्या बाजूने पाहायचे काय? वाहकाकडून जे अपेक्षावे तेच: माल जसा दिला तसा पोहोचवावा. यालाच ‘पास-थ्रू’ म्हणतात. फोर-के चित्र सेकंदाला ६० च्या गतीने जाण्यासाठी २०१३ च्या एचडीएमआय २.० ची १८ गिगाबिट क्षमता लागते. सेकंदाला १२० च्या गतीने खेळणाऱ्या मुलांसाठी किंवा एट-केसाठी २.१ ची, ४८ गिगाबिटपर्यंत जाणारी, क्षमता लागते. संरक्षित फोर-के चित्रपटांसाठी एचडीसीपी २.२ हवे. एचडीआर आणि डॉल्बी व्हिजन या उजेडाच्या प्रकारांना रिसीव्हरने अडवू नये. पूर्ण क्षमता सर्व जागांना आहे की एक-दोन जागांनाच, हेही पाहावे. पुष्कळदा ती सर्वांना नसते. वाहकच अरुंद निघाला, तर फोर-के संचावरही एचडी चित्रावर समाधान मानावे लागते, आणि कोणतेही अपस्केलिंग ते नुकसान भरून काढत नाही.

उरलेली सर्व रक्कम ध्वनीकडे वळवावी. वॉटचा आकडा वाचताना ठोक वजन आणि निव्वळ वजन यांतला भेद आठवावा. ‘एक वाहिनी चालू असताना, एक किलोहर्ट्झवर, १० टक्के विकृतीसह’ काढलेले दीडशे वॉट हे ठोक वजन. ‘दोन वाहिन्या चालू असताना, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के विकृतीसह’ काढलेले ऐंशी वॉट त्याहून भरवशाचे. मायक्रोफोन ठेवून खोलीचा ध्वनी मोजणारी आणि सुधारणारी व्यवस्था आहे काय, हे पाहावे. आपल्या घरांत चकचकीत फरशी, काचेची तावदाने आणि उघड्या भिंती असल्याने आवाज घुमतो. तेथे अशी व्यवस्था, एक जाड जाजम आणि पडदे यांनी जो फरक पडतो, तो चित्राच्या कोणत्याही चिपने पडत नाही. परदेशातून कोणी आणून देत असेल, तर विद्युतदाब तपासावा. अमेरिकेतील यंत्र १२० व्होल्टचे असते आणि आपला पुरवठा २३० व्होल्टचा. शिवाय तेथली वॉरंटी येथे चालेलच असे नाही. जवळच्या शहरात दुरुस्ती केंद्र आहे की नाही, हा प्रश्न कोणत्याही ‘के’पेक्षा मोठा आहे.

तरीही शंका राहिलीच, तर दुकानातच परीक्षा घ्यावी. दुकानात चालू असणारी नमुन्याची चित्रफीत बहुधा मुळातच फोर-केमध्ये चित्रित केलेली असते. तिच्यावरून अपस्केलिंगविषयी काहीच सिद्ध होत नाही. म्हणून घरची एखादी डीव्हीडी आणि प्लेअर सोबत न्यावा. प्लेअर शक्य तर मूळ ५७६ ओळींवर ठेवावा. एकदा रिसीव्हरची चित्रप्रक्रिया चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून तेच दृश्य पाहावे. नजर सरकणाऱ्या अक्षरांवर, धावणाऱ्या माणसाच्या कडांवर आणि इरकली साडीच्या बारीक काठावर ठेवावी. घरी जेवढ्या अंतरावर बसायचे, तेवढ्याच अंतरावर बसावे. कोणती स्थिती चालू आहे हे घरातील दुसऱ्या कोणाला न सांगता त्याचे मत विचारावे. सांगता आले नाही, तर तो फरक किमतीत मोजू नये.

अपस्केलिंगच्या मोहाचे मूळ मात्र अनेक घरांत चित्रपटांत नसते. ते कपाटातील कॅसेटांत असते. दुकानाचे उद्घाटन, थोरल्याचे लग्न, आज हयात नसलेल्या आजीचे चालणे-बोलणे या कॅसेटांत आहे आणि ते मोठ्या पडद्यावर स्वच्छ दिसावे, ही इच्छा अगदी स्वाभाविक आहे. पण या चित्रांचे मुद्दल फार थोडे असते. १९७६ मध्ये जपानच्या जेव्हीसीने आणलेल्या व्हीएचएस पद्धतीत आडव्या दिशेचा तपशील सुमारे २४० रेषांइतकाच टिपला जातो. तेवढे मुद्दलही घटत आहे. फितीवरील लेप सैल होतो, पावसाळी हवेत बुरशी धरते. ती वाचणारी यंत्रेही दुर्मीळ होत आहेत. व्हीएचएस यंत्रांचा शेवटचा ज्ञात उत्पादक असलेल्या जपानच्या फुनाईने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले.

रिसीव्हरच्या अपस्केलिंगसाठी ठेवलेली रक्कम या कॅसेटांचे चांगले डिजिटल रूपांतर करण्यात घालावी. रूपांतर करणाऱ्याला तीन गोष्टी सांगाव्यात: चित्र मूळ ५७६ ओळींत आणि मूळ चार-तीन प्रमाणात घ्यावे, ताणून रुंद करू नये, दोन हप्त्यांची जुळणी त्या वेळी करू नये, आणि फार आवळलेली छोटी फाइल देऊ नये. छोट्या मिनीडीव्ही कॅसेटा असतील, तर त्यांतील चित्र आधीच डिजिटल असते आणि तासाला सुमारे १३ जीबी जागा घेते; ते जसेच्या तसे उतरवावे. या मूळ फाइलच्या तीन प्रती ठेवाव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर आणि त्यांतील एक घराबाहेर. मूळ कॅसेटही टाकू नये.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने जुने चित्रण मोठे आणि रेखीव करून देणाऱ्या सेवा मिळतात. त्यांचे काम कधी कधी थक्क करणारे असते, आणि तेथेच सावध राहावे. ती यंत्रणा हजारो चेहरे पाहून शिकलेली असते आणि अस्पष्ट चेहऱ्यात संभाव्य डोळे, संभाव्य त्वचा भरते. तिला आजी ठाऊक नसते. आजीच्या हनुवटीवरचा तीळ तिला डाग वाटला, तर ती तो पुसून टाकील आणि परिणामी चेहरा अधिक नीटस दिसेल. घरातल्या थोरांना मात्र काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहील, आणि पुढच्या पिढीला तोच चेहरा खरा वाटेल. अशी सजवलेली नक्कल समारंभात दाखवायला जरूर करावी, तिच्यावर ‘नक्कल’ असे नाव आणि तारीख घालावी. मूळ फाइलला हात लावू नये. आणखी दहा वर्षांनी अंदाज बांधणारी यंत्रे अधिक चांगली होतील. मूळ शाबूत असेल, तरच त्यांचा उपयोग होईल.

सणाच्या खरेदीला निघण्यापूर्वी म्हणून दोन याद्या कराव्यात. एका यादीत घरात प्रत्यक्ष वापरली जाणारी उपकरणे, सोफ्याचे अंतर आणि संचामागील जागांची नावे लिहावीत. दुसरीत कपाटातील कॅसेटांची मोजदाद, वर्ष आणि प्रसंग. पहिली यादी हाती घेऊन दुकानात गेले की अपस्केलिंगवर खर्च करण्याची गरज बहुधा दिसणार नाही. दुसऱ्या यादीतील कामाला मात्र पुढच्या पावसाळ्याच्या आत हात घालावा.